जमिनीतले सोने आणि यंत्राचा कान

गेल्या आठवड्यात गावाकडून पुतण्याचा फोन आला. जुन्या वाड्याच्या पडवीखाली गुप्तधन आहे, अशी वदंता आमच्या घराण्यात फार पूर्वीपासून आहे. आता कोणीतरी त्याला "दहा मीटर खोलवरचे सोने दाखवणारे" यंत्र भाड्याने देऊ करतो आहे. "काका, खरंच सापडतं का हो?" उत्तर जरा लांबलचक आहे. म्हणून इथेच लिहितो, बाकीच्या भावंडांनाही वाचता येईल.

या यंत्राच्या इतिहासातले एक गाजलेले प्रकरण सोन्याचे नाही, बंदुकीच्या गोळीचे आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने धातू शोधणारे उपकरण तयार केले. पण पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी त्याचा गोंधळ उडवला आणि डॉक्टरांनी फक्त उजवी बाजूच तपासू दिली. गोळी होती डावीकडे! सप्टेंबरमध्ये अध्यक्ष वारले. यंत्र चालते, पण माणूस जिथे धरेल तिथलेच ते सांगते.

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांनी हातात धरून चालवता येणारे सुरुंगशोधक तयार केले. १९४२ मध्ये एल अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. युद्धानंतर अशी यंत्रे हौशी लोकांच्या हाती आली.

आता खोलीचा प्रश्न. कॉइलमधून बदलता विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्यामुळे जमिनीतल्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. त्यांचे क्षीण क्षेत्र परत येते, ते यंत्राला "ऐकू" येते. हे क्षेत्र जाताना अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि येतानाही तसेच. म्हणजे लहानशी वस्तू दुप्पट खोल गेली की आवाज साधारण चौसष्टावा भाग उरतो! म्हणून एखादे नाणे बहुधा २०-३० सेंटिमीटरपर्यंतच कळते. मोठ्या कॉइलला हंड्याएवढी वस्तू मीटर-दीड मीटरवर कळू शकते. नाण्यासाठी दहा मीटर म्हणजे निव्वळ बाजारगप्पा. शिवाय सोने की अॅल्युमिनियमचा तुकडा, हेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात २७ किलोचा सोन्याचा गोळा यंत्राने सापडला, तोसुद्धा फूटभरच खोल होता.

मला सर्वात आवडते ती इंग्लंडमधल्या हॉक्सन गावाची हकीकत. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी एरिक लॉज हे एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. सापडली रोमन काळातली सुमारे पंधरा हजार सोन्याचांदीची नाणी आणि दागिने. थोडे काढल्यावर हा माणूस थांबला आणि त्याने कळवले. त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना पेटीत काय कसे रचले होते तेही समजले. लॉज यांना साडेसतरा लाख पौंड मिळाले. हातोडाही मिळाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

याउलट आपल्याकडे ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडियाखेडा येथे एका साधूच्या स्वप्नातल्या हजार टन सोन्यासाठी सरकारी उत्खनन झाले. मिळाले ते खापरांचे तुकडे, बांगड्या आणि चुली. लोकांची निराशा झाली. मला मात्र वाटते, चूलही इतिहासच सांगते. कोणीतरी तिथे भाकरी भाजली असेल...

तेव्हा पुतण्या, ऐक. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवावे लागते. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. यंत्रवाल्यापाठोपाठ बहुधा एखादा मांत्रिकही येतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. भाड्याच्या पैशात वाड्याचे छप्पर शाकारून घे. पडवी उकरलीस तर भिंत आधी खचेल.

असो. तुमच्याही घरात अशा पुरलेल्या हंड्यांच्या गोष्टी असतील. जरूर कळवा.