लामणदिव्यावरील पक्षी

जुन्या मराठी घरांतून देवापुढे साखळीने टांगलेला पितळी लामणदिवा ज्यांनी पाहिला असेल, त्यांस त्याच्या तबकडीवर बसलेला मोर, हंस किंवा पोपट सहज आठवेल. हा पक्षी शोभेकरिता बसविलेला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु जुन्या काळच्या कित्येक दिव्यांत तो पोकळ असून, दिव्याचे तेल त्याच्याच पोटात साठविले जाई.

असे करण्याचे कारण तेलाच्या स्वभावात सापडते. तीळ, करडई, करंज, एरंड यांची तेले दाट असतात. कापसाच्या वातीतून ती फारशी उंच चढत नाहीत. म्हणून तेल ज्योतीच्या अगदी जवळ असावे लागते, आणि दिव्याची वाटी उथळच ठेवावी लागते. उथळ वाटीतील तेल लवकर सरते. वाटी खोल करावी, तर तेलाची पातळी खाली जाता जाता ज्योत मंदावते. घरातील कोणीतरी, आणि बहुधा ते काम गृहिणीकडेच येई, तेलाची बुधली घेऊन पुन्हा पुन्हा दिव्यापाशी जाणे क्रमप्राप्त होते.

या येरझारा पक्ष्याने वाचविल्या. पक्षी फिरवून तबकडीवरून काढावयाचा, उलटा धरून पोटात तेल भरावयाचे व पुन्हा घट्ट बसवावयाचा. त्याच्या खालच्या बाजूस एक लहान छिद्र असे. तबकडीतील तेलाने ते बुडालेले असेतोवर हवा आत शिरू शकत नाही आणि वरचे तेल जागच्या जागी राहते. वात जळून पातळी किंचित उतरली, की छिद्र उघडे पडते, हवेचा एक बुडबुडा आत जातो आणि तेवढेच तेल खाली येते. छिद्र पुन्हा बुडते व तेल थांबते. यात झडप नाही की चाक नाही. मात्र पक्षी कोठेही फुटका असता उपयोगी नाही. वरून हवा शिरली, तर सारे तेल एकदम उतरून तबकडीबाहेर सांडेल! तेव्हा ओताऱ्याची खरी परीक्षा मोराच्या पिसाऱ्यावरील नक्षीपेक्षा त्याच्या पोटात होत असे. मातीचा गाभा, त्यावर मेण, त्यावर पुन्हा माती, अशा साच्यातून पोकळ मूर्ती ओतण्याची विद्या या देशास फार प्राचीन काळापासून अवगत होती. दिव्याच्या कामी ती अशी सार्थकी लागली.

हीच युक्ती इतर देशांतील विद्वानांनाही सुचलेली दिसते. नवव्या शतकात बगदाद येथील बनू मूसा बंधूंनी आपल्या यंत्रविषयक ग्रंथात आपोआप तेल घेणाऱ्या दिव्यांचे वर्णन केले. सोळाव्या शतकातील इटालियन पंडित कार्दानो याचे नाव तर तिकडे अशा दिव्यास कायमचे चिकटले आहे. जिनिव्हाच्या आर्गां याने 1784 साली इंग्लंडात ज्या सुधारलेल्या दिव्याचे पेटंट घेतले, त्याचीही तेलाची टाकी एका बाजूस उंचावर असे व ती याच तत्त्वावर चाले. पिंजऱ्यातील पाखरांना पाणी पाजण्याच्या भांड्यावरून इंग्रजीत या टाकीस नाव पडले. अशा रीतीने तिकडच्या दिव्यातही पक्षी आला, पण नावापुरताच.

1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतात जमिनीत विहीर खोदून खनिज तेल काढण्यात आले आणि पाहता पाहता रॉकेल जगभर पसरले. हे तेल पातळ. वातीतून ते सहज वर चढते. त्यामुळे तेलाची टाकी ज्योतीच्या खाली गेली, वर काचेची नळी आली, आणि लामणदिव्याच्या पक्ष्याला काही कामच उरले नाही. गंमत अशी, की काचेच्या नळीच्या इंग्रजी नावावरून नव्या दिव्यास मराठी माणूस ‘चिमणी’ म्हणू लागला! एक पाखरू गेले व दुसरे आले. पुढे वीज आली आणि ही चिमणीही मागे पडली.

निरुपयोगी झालेले पितळ मोडीत जाते. कित्येक लामणदिवे या वाटेने वितळले. जे वाचले, त्यांपैकी फार मोठा संग्रह पुण्याच्या दिनकर केळकर यांच्या चिकाटीमुळे वाचला. चष्म्यांचा व्यवसाय करणारे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे हे गृहस्थ जुन्या वस्तूंसाठी गावोगाव हिंडत. दिव्यांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक 1961 साली भारत सरकारने प्रसिद्ध केले. अकाली निवर्तलेल्या राजा नामक पुत्राच्या स्मरणार्थ उभारलेले आपले वस्तुसंग्रहालय त्यांनी 1975 साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. तेथील दिव्यांची दालने पाहताना शोभा कोठे संपते व सोय कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते.

लामणदिवे आजही घडविले जातात आणि दिवाणखान्यांतून हौसेने टांगले जातात. पक्षी त्यांवरही असतो. परंतु बहुतेकांत तो भरीव असतो किंवा तबकडीवर नुसता जडविलेला असतो, आणि तेल हातानेच घालावे लागते.