एंजिनाचा प्रारंभिक आवाज : वंगणाच्या इतिहासाच्या प्रकाशात एक निदानविचार

१

रात्रभर उभी असलेली जुनी मालमोटार सकाळी सुरू केली असता दोन-चार सेकंद तिच्या एंजिनातून खडखडाट ऐकू येतो आणि मग तो आपोआप थांबतो. जुनी वाहने चालविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या नित्य परिचयाची ही गोष्ट आहे. तिच्याविषयी दोन परस्परविरोधी मते रूढ आहेत. आवाज थांबतो, त्या अर्थी चिंतेचे कारण नाही, असे एक मत. आवाज आला, त्या अर्थी एंजिन उघडलेच पाहिजे, असे दुसरे. पहिल्या मतावर विसंबल्याने कधी कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग निकामी होऊन क्रँकशाफ्टही त्याबरोबर जातो. दुसऱ्या मतापायी धडधाकट एंजिन विनाकारण खोलले जाते. दोन्ही मतांत एक समान दोष आहे. तो असा की, हा आवाज एकच आहे असे दोन्ही मते गृहीत धरून चालतात.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. एंजिनाच्या वंगणपद्धतीत व रचनेत गेल्या शतकात जी सुधारणा झाली, तिच्या बहुतेक प्रत्येक पायरीने एक जुना आवाज नाहीसा केला आणि त्याच्या जागी सुरुवातीच्या काही क्षणांपुरता एक नवा आवाज निर्माण केला. यास्तव एंजिन कोणत्या पिढीचे आहे हे ठरविल्यावाचून त्याच्या आवाजाचा अर्थ लावता येत नाही. इतिहासाचे ज्ञान येथे शोभेचे नसून निदानाचे साधन आहे.

२

या विषयाचा शास्त्रीय पाया इंग्लंडात १८८३ साली घातला गेला. इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स या संस्थेच्या वतीने बोशँप टॉवर हे रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगावर घर्षणाचे प्रयोग करीत होते. तेल सोडण्याकरिता त्यांनी बेअरिंगाच्या माथ्यावर एक छिद्र पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्या छिद्रातून वर येऊ लागले. प्रथम बुचाने व नंतर लाकडी खुंटीने छिद्र बंद केले असता ती खुंटीही बाहेर ढकलली गेली. तेथे दाबमापक लावला, तेव्हा त्याचा काटा दर चौरस इंचास २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगावरील सरासरी भार मात्र सुमारे १०० पौंडच होता. याचा अर्थ असा की, फिरणारा आस धातूवर टेकलेला नसून तेलाच्या पातळ थरावर तरंगत होता.

हा थर कसा निर्माण होतो याची गणिती उपपत्ती ऑझ्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ साली मांडली. आस फिरताना तेलाला आपल्याबरोबर निमुळत्या फटीत ओढून नेतो व त्या ओढण्यातूनच दाब उत्पन्न होतो. यातून निघणारा उपसिद्धान्त आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : गती नसेल तर थरही नाही. एंजिन थांबले की आस हळूहळू खाली बसतो आणि धातूला धातू लागतो. जर्मन संशोधक श्ट्रिबेक यांनी १९०२ साली वेग व घर्षण यांचा संबंध आलेखाने दाखविला. प्रारंभी घर्षण अधिक असून वेग वाढताच ते झपाट्याने घटते, असे त्यावरून स्पष्ट झाले. पृष्ठभागाला चिकटून राहिलेल्या अतिसूक्ष्म थराच्या आधारावर जे वंगण होते, त्याला हार्डी यांनी १९२२ साली ‘सीमावर्ती वंगण’ या अर्थाची संज्ञा दिली. सकाळी एंजिनाचे पहिले काही फेरे या सीमावर्ती वंगणाच्या आधारावरच होतात. म्हणजे प्रारंभीचा क्षण हा निर्दोष एंजिनाच्याही आयुष्यातील कसोटीचा क्षण असतो. आवाज ही त्या कसोटीची केवळ ऐकू येणारी बाजू होय.

३

पहिल्या पिढीच्या मोटारींत तेल दाबाने पोहोचविण्याची व्यवस्था नव्हती. १९०८ साली निघालेल्या फोर्ड कंपनीच्या ‘टी’ मोटारीत तेलाचा पंपच नसून गतिचक्राने उडविलेले तेल एंजिनभर फिरत असे. १९१७ साली आलेला त्याच कंपनीचा ‘टीटी’ ट्रक याच पद्धतीचा होता. १९२९ सालच्या शेव्हरोले कंपनीच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनात पंप होता, पण तो मुख्य बेअरिंगांना व वरच्या झडपांच्या यंत्रणेला तेल पुरवी. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक लहानशी पळी असे व ती प्रत्येक फेऱ्यास तेलाच्या पन्हळीत बुडून तेल उचलीत असे.

या पद्धतीची मर्यादा उघड होती. वेग व भार वाढला की पळीने उचललेले तेल अपुरे पडे. परंतु तिच्यात एक गुणही होता. पन्हळीतील तेल रात्रभर तेथेच राही. त्यामुळे सकाळच्या पहिल्याच फेऱ्यात पळीला तेल मिळे. अशा एंजिनात रॉडच्या जागी प्रारंभी ठोका ऐकू आला, तर ‘तेल पोहोचण्यास उशीर झाला’ हे स्पष्टीकरण सहसा लागू पडत नाही. ओतीव मिश्रधातूचे बेअरिंग झिजले आहे अशीच शंका प्रथम घ्यावी लागते.

महाराष्ट्राशी या पिढीचा संबंध प्रत्यक्ष आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला व तो १९५४ साली बंद झाला. शेव्हरोलेच्या ट्रकांना पूर्ण दाबाचे वंगण मिळाले तेही १९५४ सालीच. त्यावरून शिवडीत जुळविलेले शेव्हरोले ट्रक बहुतांशी पळी-पन्हळीच्या पिढीतले होते, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

४

दाबाने वंगण देण्याची कल्पना मोटारीहून जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील पेन यांनी १८९० साली वाफेच्या एंजिनाकरिता तिचे एकस्व घेतले होते. १९२४ सालच्या क्रायस्लर मोटारीत पूर्ण दाबाचे वंगण व तेलाची गाळणी या दोन्ही गोष्टी होत्या. शेव्हरोलेच्या २३५ घन इंचांच्या एंजिनात हे स्थित्यंतर १९५३ व १९५४ या दोन वर्षांत घडले. कनेक्टिंग रॉडला दाबाचे तेल मिळाले, ओतीव बेअरिंगांच्या जागी बदलता येणारी पातळ बेअरिंगे आली आणि ओतीव लोखंडाच्या दट्ट्यांऐवजी ॲल्युमिनियमचे दट्टे आले. एकाच नावाच्या, बाहेरून जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन एंजिनांत आवाजाची भाषा अशा रीतीने बदलली.

या सुधारणांनी आणलेले नवे आवाज क्रमाने पाहू. दाबाच्या पद्धतीत थांबलेल्या एंजिनातील तेल मार्गिकांतून खाली उतरते. पंपाने त्या पुन्हा भरेपर्यंत काही क्षण जातात व तेवढा वेळ सैल झालेले बेअरिंग वाजते. प्रारंभी गाळणी केवळ उपमार्गावर असे. पुढे सर्व तेल गाळणीतूनच जाऊ लागले. आडव्या वा उलट्या बसविलेल्या गाळणीतील तेल रात्री रिकामे होऊ नये म्हणून तिच्यात रबराची एक पाळी असते. ती पाळी उष्णतेने कडक झाली की गाळणी रिकामी होते आणि सकाळी ती भरेपर्यंत बेअरिंगे ताटकळत राहतात. उपमार्गी गाळणीच्या एंजिनात मात्र बेअरिंगांचे तेल तिच्यातून जातच नाही. तेथे गाळणी बदलून हा आवाज जाईल अशी अपेक्षा व्यर्थ होय.

झडपांची टकटक कायमची बंद करण्याकरिता तेलाच्या दाबावर चालणारे टॅपेट आले. १९३० सालच्या सोळा सिलिंडरांच्या कॅडिलॅक मोटारीत ही युक्ती प्रथम मोठ्या प्रमाणावर योजण्यात आली. परंतु रात्रीतून ज्या टॅपेटमधील तेल गळून गेले असेल, तो सकाळी पुन्हा भरेपर्यंत टकटक करतोच. ॲल्युमिनियम हे ओतीव लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. म्हणून थंड असताना ॲल्युमिनियमच्या दट्ट्याला अधिक मोकळीक ठेवावी लागते व तो सिलिंडरच्या भिंतीवर आपटतो. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेवर चालणारा आरंभक आला, त्याबरोबर त्याचे दातेरी चाक वेळेवर मागे न सरल्याने होणारी करकरही आली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमशाफ्टच्या साखळीला तेलाच्या दाबाने ताण देणाऱ्या योजना रूढ झाल्या व पुढे झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही आली. या दोहोंची खडखड दाब येईपर्यंतच टिकते. आज जुन्या म्हणविल्या जाणाऱ्या पुष्कळ ट्रकांत हाच प्रकार आढळतो.

डीझेल ट्रकाची गोष्ट आणखी निराळी आहे. जमशेदपूर येथे १९५४ साली टाटा-मर्सिडीझ-बेंझ ट्रकांचे उत्पादन सुरू झाले व डीझेलचा ठोका भारतीय रस्त्यांवर सर्वपरिचित झाला. फवारलेले इंधन तत्काळ पेट घेत नाही. थंड एंजिनात हा विलंब वाढतो, तेवढ्या वेळात साचलेले इंधन एकदम पेटते आणि दाब झटक्याने चढतो. हा ठोका ज्वलनाचा आहे, झिजेचा नव्हे.

५

या इतिहासातून निदानाची पुढील पद्धती निष्पन्न होते. प्रथम प्रश्न काळाचा. तेलाचा दाब थेट दाखविणारा मापक जोडून काट्याकडे पाहावे. काटा चढताक्षणी आवाज थांबला, तर कारण तेल पोहोचण्याच्या मार्गात, म्हणजे गाळणी, टॅपेट, साखळीचा ताण अथवा सैल बेअरिंग यांत आहे. दाब आल्यानंतरही काही मिनिटे आवाज राहून एंजिन तापता तापता तो विरला, तर दट्ट्याचा आपट किंवा धूरनळीच्या जोडातील फट संभवते; ती फट लोखंड तापून प्रसरण पावताच मिटते व तिची टकटक टॅपेटसारखीच भासते. डीझेलचा थंड ठोका असाच हळूहळू ओसरतो आणि पुष्कळदा त्याच्याबरोबर पांढरा धूर दिसतो.

दुसरा प्रश्न लयीचा. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. एंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असेल, तर एका झडपेची टकटक मिनिटास ३०० वेळा होते. ती हलकी व वरच्या बाजूची असते. रॉडचा ठोका अधिक खोल व जड असतो. तिसरा प्रश्न स्थानाचा. लेनेक यांनी १८१६ साली रोग्याच्या छातीचे आवाज ऐकण्याकरिता नळी योजली. तेच तत्त्व कारागीर लाकडी दांडा किंवा पेचकस कानाशी धरून पाळतो. चौथी कसोटी भाराची. पेट्रोल एंजिनात एका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद केली असता त्याच्या रॉडचा ठोका मंदावतो. झडपेच्या टकटकीत फरक पडत नाही.

येथे एका लोकप्रिय उपायाचा परामर्श घेणे अवश्य आहे. आवाज आला की दाट तेल घालावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. धावत्या, तापलेल्या एंजिनात त्याने ठोका दबतोही. परंतु आपला आवाज थंड एंजिनाचा आहे आणि थंडीत दाट तेल पंपापर्यंत व पुढे बेअरिंगांपर्यंत अधिक सावकाश पोहोचते. थंड हवामानातील प्रारंभाचे महत्त्व ओळखूनच अमेरिकेच्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९३३ साली तेलाच्या हिवाळी श्रेणी स्वतंत्र केल्या. प्रारंभीच्या आवाजावर दाट तेल हा उपाय नसून, कित्येकदा ते दुखणे वाढविणारे असते.

६

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. प्रारंभिक आवाजाचे अल्पायुष्य हे त्याच्या निरुपद्रवीपणाचे प्रमाण नव्हे, आणि तो पुन्हा पुन्हा ऐकू येणे हेही एंजिन निकामी झाल्याचे प्रमाण नव्हे. पन्हळीच्या पिढीतील एंजिनात जो ठोका झिजेचे द्योतक ठरतो, त्याच ठोक्यास दाबाच्या पिढीत एका कडक झालेल्या रबरी पाळीचे कारण पुरू शकते. म्हणून कारागिराने हत्यार हाती घेण्यापूर्वी एंजिनाचे वर्ष, त्याची वंगणपद्धती, गाळणीची जागा व दट्ट्याचा धातू एवढ्या चार गोष्टी विचाराव्या. जुन्या ट्रकावर ज्यांचा चरितार्थ चालतो, त्यांच्या दृष्टीने या चार प्रश्नांच्या उत्तरांत एका अनावश्यक दुरुस्तीचा खर्च वाचतो, अथवा वेळीच बदललेल्या एका बेअरिंगाने सबंध एंजिन वाचते.