लोसार कधी आहे?

पुण्यात थंडी पडली की तिबेटी स्वेटरवाल्यांचे स्टॉल लागतात. दोन वर्षांपूर्वी एका स्टॉलवर जॅकेटची घासाघीस करता करता तिथल्या काकूंशी गप्पा झाल्या. त्या कर्नाटकातल्या बैलकुप्पेच्या. लोसारच्या आत, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या आत, माल संपवून घरी पोचायचं म्हणाल्या. लोसार कधी? "धरमशालाहून कॅलेंडर येतं, त्यात बघावं लागेल." मग माझं जन्मसाल विचारलं. १९९७ म्हटल्यावर बोटांवर काहीतरी मोजून म्हणाल्या, "अग्नी-बैल."

घरी येऊन मी आईनं जपून ठेवलेली माझी पत्रिका काढली. शके १९१९, ईश्वर नाम संवत्सर. साठ संवत्सरांच्या यादीत ईश्वर अकरावं. तिबेटी चक्रही साठ वर्षांचं, आणि त्यात १९९७चं अग्नी-बैल वर्षसुद्धा अकरावंच. योगायोग वाटला म्हणून २०२५ तपासलं. आपलं विश्वावसू, एकोणचाळिसावं. त्यांचं काष्ठ-सर्प, तेही एकोणचाळिसावं.

हा योगायोग नव्हे. अकराव्या शतकात कालचक्र तंत्र भारतातून तिबेटात गेलं आणि सोबत तिथी, नक्षत्रं, राहू असा अख्खा हिशेब घेऊन गेलं. तिबेटी लोक आपलं पहिलं साठ वर्षांचं चक्र १०२७ पासून मोजतात. या चक्राला ते 'रबजुंग' म्हणतात आणि हा शब्द म्हणजे 'प्रभव'चं सरळ भाषांतर आहे. आपल्या यादीतलं पहिलं संवत्सर प्रभवच. सध्याचं सतरावं रबजुंग १९८७ला सुरू झालं, आपलं प्रभवही त्याच साली. गंमत म्हणजे धरमशालाच्या आसपासच्या हिंदू पंचांगांशी हे जुळत नाही. उत्तरेत गुरूच्या गतीनुसार मधूनच एखादं संवत्सर गाळतात. आपण गाळत नाही, तिबेटीही नाहीत.

बैल, सर्प, घोडा हे बारा प्राणी आणि पाच तत्त्वं मात्र चीनकडून आली. तिबेटी भाषेत भारत म्हणजे ग्यागर आणि चीन म्हणजे ग्यानाग. 'कर' म्हणजे पांढरा, 'नाग' म्हणजे काळा. दोन्हीकडचं घ्यायचं आणि आपलं तिसरंच काहीतरी उभं करायचं ही त्यांची जुनी खोड. वैद्यकातही तेच. रिनचेन झांगपो या भाषांतरकारानं वाग्भटाचं अष्टांगहृदय अकराव्या शतकात तिबेटीत नेलं. तिबेटी वैद्यकाचा मूळ ग्रंथ 'ग्यू-शी'. त्यातले लुंग, त्रिपा आणि बेकेन म्हणजे आपले वात, पित्त, कफ. नाडीपरीक्षेवर मात्र चिनी छाप आहे.

आता वैद्याला पंचांग कशाला हवं? त्यांच्या समजुतीप्रमाणे 'ला' नावाची प्राणशक्ती तिथीगणिक शरीरात जागा बदलते आणि पौर्णिमेला सर्वांगभर पसरते. ती जिथे असेल तिथे त्या दिवशी रक्त काढायचं नाही, डाग द्यायचा नाही. माझा यावर विश्वास नाही. पण यामुळे औषध आणि गणित एका छपराखाली आले. पाचव्या दलाई लामांचा कारभारी सांग्ये ग्यात्सो यानं पंचांगगणितावर 'श्वेत वैडूर्य' आणि वैद्यकावर 'नील वैडूर्य' असे दोन्ही ग्रंथ लिहिले. १६९६मध्ये त्यानं ल्हासाच्या चाकपोरी टेकडीवर वैद्यक विद्यालय काढलं. १९१६मध्ये तेराव्या दलाई लामांच्या काळात मेन-त्सी-खांग आलं. मेन म्हणजे औषध, त्सी म्हणजे गणना, खांग म्हणजे घर. १९५९च्या तोफांत चाकपोरी जमीनदोस्त झालं. १९६१मध्ये निर्वासितांनी धरमशालाला नवं मेन-त्सी-खांग उभारलं. काकूंचं कॅलेंडर येतं ते इथून.

त्यामागचं गणित शिकायला मी एक शनिवार-रविवार घालवला. तिबेटी ज्योतिषी परंपरेनं धूळपाटीवर, लाकडी फळीवरच्या बारीक धुळीत आकडे लिहून आणि पुसून हिशेब करत. दशांश चिन्ह नाही, सगळे अपूर्णांक. सर्वांत रूढ पद्धत फुग्पा, १४४७ची. तिच्यात चांद्रमास म्हणजे १,६७,०२५ भागिले ५,६५६ दिवस. भागाकार करून पाहा, २९.५३०५८७ येतात. आजच्या मोजमापाशी ताडलं तर महिन्यामागे एका सेकंदाचाही फरक नाही. ते स्क्रीनवर बघून मी खुर्चीतून उठलोच.

सूर्याच्या बाबतीत मात्र गोची आहे. फुग्पात ६५ सौरमास म्हणजे बरोबर ६७ चांद्रमास, म्हणजेच ६५ वर्षांत २४ अधिक महिने. यातून वर्ष ३६५.२७०६ दिवसांचं निघतं. ऋतूंचं वर्ष ३६५.२४२२चं. दरवर्षी ४१ मिनिटं जास्त, साधारण ३५ वर्षांत एक दिवस. १४४७पासून सोळा दिवसांच्या वर. २०२४मध्ये चिनी नववर्ष आणि लोसार दोन्ही १० फेब्रुवारीला आले. २०२५मध्ये चिनी नववर्ष २९ जानेवारीला आणि लोसार २८ फेब्रुवारीला. अधिक महिना कुठे टाकायचा, याची दोघांची रीत वेगळी. (हसू नका, आपला पाडवाही ऋतूंपासून सरकतोय, फक्त निम्म्या वेगानं.)

माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणाला, एक स्थिरांक बदला, काम झालं.

पण हे आपल्याकडे करून झालंय. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांपासून पंचांगशुद्धीची चळवळ चालली, टिळकांनी ती उचलून धरली. शुद्ध केलेलं पंचांग निघालं, जुन्या धाटणीचीही राहिली. त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडला की टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत गणपती महिनाभर आधी बसतो. आपल्याला ते परवडतं. शेजारच्या घरी दोनदा मोदक खायला जाता येतं.

तिबेट्यांचं तसं नाही. ल्हासातलं मेन-त्सी-खांग आजही आहे, चिनी राजवटीत. तेही फुग्पानंच पंचांग काढतं. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना न भेटता, १४४७चं तेच भागाकाराचं गणित सुटतं आणि दोन्हीकडे लोसार एकाच दिवशी उजाडतो. २००८च्या आंदोलनातल्या मृतांसाठी पुढच्या वर्षी तिबेटातल्या आणि बाहेरच्याही अनेक तिबेट्यांनी लोसार साजरा केला नाही. एकत्र न साजरा करायलाही आधी दिवस एकच असावा लागतो. धरमशालानं उद्या सूर्य दुरुस्त केला, तर काही वर्षी बैलकुप्पेचा लोसार ल्हासाच्या महिनाभर आधी येईल.

मी तरीही माझ्या कोडमध्ये वर्षाची लांबी बदलून पाहिली. काही लोसार एक महिना मागे सरकले. मग तो आकडा पूर्ववत केला.

यंदा काकू दिसल्यावर मी फोन काढून पुढच्या दहा वर्षांच्या तारखा दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून यादी नीट वाचली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण आमचं कॅलेंडर आलं की मग नक्की सांगते."