अन्याय कोणाच्या खाती?

मुंबईच्या कापड गिरण्यांत चार पैसे जास्त मिळवायचे तर साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, शिरावे लागे. साचे चालवणाऱ्या विणकराची कमाई सूत कातणाऱ्या रिंग खात्यातल्या कामगारापेक्षा बरीच अधिक असे. या खात्याचे दार मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींतील कामगारांना बंद होते. कारण विचारले की साच्यावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याकडे बोट दाखवले जाई. कांडीवरचे सूत संपले की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी, सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकापाशी आणी आणि तोंड लावून श्वासासरशी ते बाहेर ओढून घेई. तोच धोटा पुढे दुसऱ्याच्याही तोंडी लागे. महाराने उष्टावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, अशी बाकीच्या विणकरांची भूमिका होती. १८८१ पासून फॅक्टरी कायदे होत गेले. त्यांनी मुलांचे वय ठरवले, कामाचे तास बांधले, यंत्रांना कुंपण घालायला लावले. कोणाला कोणत्या खात्यात घ्यायचे नाही, याबद्दल त्यांत अवाक्षर नव्हते.

कामाच्या ठिकाणच्या भेदभावाचा इतिहास सहसा मनोवृत्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पूर्वी लोक मागासलेले होते, हळूहळू सुधारले. मला तो जबाबदारीचा इतिहास वाटतो. भेदभाव सर्वांना दिसत होता, तरी त्याचे उत्तर द्यायला कोणीच बांधील नव्हते. म्हणून तो टिकला. १९२८ चा सार्वत्रिक संप याचा चांगला पुरावा आहे. एप्रिलपासून सुमारे सहा महिने दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागणीपत्रात घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात न उतरण्याचा सल्ला देईन, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले. मागणी घेतली गेली, पण नाइलाजाने. ती पुढे आल्यावर गिरणीमालकांनी सांगितले की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. हे उत्तर निलाजरे वाटते खरे, पण त्या काळच्या कायद्याने पाहिले तर ते अचूक होते. मालक कामगारांकडे बोट दाखवत होते, कामगार रूढीकडे, आणि रूढीला कोणत्याच कोर्टात उभे करता येत नव्हते.

मालकांच्या बाजूने म्हणता येईल की ते तरी काय करणार? अस्पृश्य विणकर नेमला असता तर बाकीच्यांनी साचे बंद पाडले असते. या बचावात तथ्य आहे, पण तो त्याच वर्षी फोल ठरतो. मुळात संप पेटला तो मालकांच्या काटकसरीच्या योजनेमुळे: विणकराने दोनऐवजी तीन साचे सांभाळावेत, रिंग खात्यातही माणशी काम वाढावे. म्हणजे नफ्याचा प्रश्न आला तेव्हा मालक कामगारांचा रोष पत्करायला तयार होते. त्या रोषाची धास्ती त्यांना वाटली ती फक्त न्यायाचा प्रश्न आला तेव्हा. दुसरे असे की भरतीचे काम मालकांनी जॉबरवर, म्हणजे खात्याच्या मुकादमावर, सोपवून दिले होते. जॉबर आपल्या गावचे, भावकीचे, जातीचे लोक लावी आणि नोकरीबद्दल दस्तुरी घेई. गिरणी मालकाची, यंत्र मालकाचे, नफाही मालकाचा. माणूस निवडण्यातला अन्याय तेवढा जॉबरचा, अशी ही वाटणी होती.

दुसरा आक्षेप संघटनेच्या बाजूचा: जातीचा प्रश्न उकरून काढला तर कामगारांची एकजूट फुटेल. पण चांगल्या पगाराचे खाते काही जातींनी अडवून ठेवले होते, तेव्हा फूट आधीच पडलेली होती. मागणीने ती फक्त कागदावर आणली. तिसरा आक्षेप शुद्ध आरोग्याचा. अनेकांनी एकच धोटा चोखणे घाणेरडे होतेच. पण त्यावरचा उपाय धोटा सुधारणे हा होता, एका समाजाला हाकलणे हा नव्हे. शिवाय जिथे धोटा नव्हता तिथेही दार बंदच होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी हेच दाखवून दिले. दलित माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबे, पण त्याला पोर्टर करत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत. गिरणीत धोटा, स्टेशनात मास्तरांचे घर: सबबी बदलत होत्या, वगळली जाणारी माणसे तीच होती.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, पण नोकरीतील समान संधीची हमी देणारे सोळावे कलम सरकारी नोकरीपुरते आहे, गिरणी खासगी. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात व्यवसाय आणि धंदा करण्यातील आडकाठी गुन्हा ठरली. ‘कोणत्याही कामावरील नोकरी’ या आशयाचे शब्द मात्र १९७६ च्या दुरुस्तीने घातले गेले, म्हणजे मालकांच्या त्या उत्तरानंतर ४८ वर्षांनी. त्यातही पद्धत फौजदारीची: ज्याला डावलले त्याने पोलिसांत जायचे, साक्षीदार जमवायचे आणि तोवर पोटाचे बघायचे. लैंगिक छळाबाबत कायद्याने निराळा रस्ता धरला. विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये छळ रोखण्याचे कर्तव्यच मालकावर टाकले. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती सक्तीची केली आणि ती न नेमल्यास मालकाला पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला.

समित्या कागदावरच राहतात, अशी तक्रार होते आणि ती पुष्कळदा रास्त असते. तरीही ‘आम्ही जबाबदार नाही’ हे उत्तर त्या कायद्यापुरते बाद झाले आहे, हा फरक लहान नाही. जातीच्या बाबतीत मात्र अशी समिती नेमण्याचे, भरतीतील भेदभाव आधीच रोखण्याचे सर्वसाधारण बंधन खासगी मालकावर आजही नाही. भेदभाव करणाऱ्याला शिक्षा आहे. तो होऊ देणाऱ्याला जाब विचारण्याची सोय नाही. आज भरती जॉबरऐवजी ओळखीपाळखीच्या शिफारशींनी आणि कंत्राटदारांमार्फत होते, आणि मालकाला हात वर करायला तेवढे पुरते. १९२८ ची मागणी खऱ्या अर्थाने मान्य करायची असेल, तर लैंगिक छळाबाबत मालकाला जे कर्तव्य लावले तेच जातिभेदाबाबतही लावावे लागेल.