एकवीस पराभव आणि एक शहर

खेळांचा इतिहास बहुधा विजयांच्या सनावळीत मांडला जातो. कोणत्या वर्षी कोणी अजिंक्यपद मिळवले याची यादी झाली, की इतिहास लिहून झाला असे मानण्याची प्रथा आहे. प्रेक्षकाच्या बाजूने पाहू लागले की ही मांडणी अपुरी वाटते. प्रेक्षकाचा बराचसा काळ वाट पाहण्यात जातो, आणि त्या वाट पाहण्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या 'ओरिओल्स' या बेसबॉल संघाचा १९८८ सालचा एप्रिल महिना आम्हांला म्हणूनच विचारात घेण्याजोगा वाटतो.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. बेसबॉलमध्ये चेंडू दूर टोलावला म्हणजे धाव मिळाली, असे होत नाही. फलंदाजाने एकामागून एक तीन बेस गाठून पुन्हा मूळ जागी परतावे, तेव्हा कुठे एक धाव पदरात पडते. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि तीन गडी बाद होताच एक डाव संपतो. साहजिकच एका सामन्यात चार-पाच धावा ही चांगली कमाई ठरते. अनेकदा धावपटू तिसऱ्या बेसपर्यंत येतो आणि तिथेच अडकून पडतो. डाव संपतो, त्याचा सारा प्रवास हिशेबाबाहेर जातो. या खेळातील वैफल्य असे घराच्या उंबरठ्यावर येऊन थांबणारे आहे.

ओरिओल्स हा काही दरिद्री परंपरेचा संघ नव्हता. १९६६ साली याच संघाने अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस डॉजर्सला चार सामन्यांत मिळून केवळ दोन धावा करू दिल्या होत्या. १९८३ साली तो पुन्हा विजेता ठरला होता. १९८८ च्या संघात एडी मरे आणि कॅल रिपकन (धाकटे) हे पुढे खेळाच्या मानाच्या दालनात गेलेले दोन फलंदाज होते. तरीही ४ एप्रिलचा पहिला सामना संघाने ०-१२ असा गमावला, आणि मग पराभवांची माळच लागली. सहा पराभवांनंतर व्यवस्थापक कॅल रिपकन (थोरले) यांना दूर करण्यात आले. त्यांचे दोन मुलगे त्याच संघात खेळत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयातील कारुण्य ध्यानी येते. त्यांच्या जागी आले फ्रँक रॉबिन्सन, १९६६ च्या त्या विजयाचे प्रमुख शिल्पकार. ज्याच्या संघाने एके काळी प्रतिपक्षाला धावांसाठी तडफडायला लावले, त्याच्याच नशिबी आता ती तडफड आली.

मोसमाच्या आरंभी सलग १३ पराभव हा तोवरचा उच्चांक होता. ओरिओल्स २१ पर्यंत गेले. या २१ सामन्यांत त्यांनी ४४ धावा केल्या आणि १२९ दिल्या. सामन्यामागे जेमतेम दोन धावा! शहरातील बॉब रिव्हर्स या रेडिओ निवेदकाने संघ जिंकेपर्यंत प्रक्षेपण न सोडण्याचा पण केला आणि तो २५८ तास माइकपाशी बसून राहिला. तरुणपणी रेडिओवरून बेसबॉलचे समालोचन केलेले अध्यक्ष रेगन यांनीही रॉबिन्सन यांना फोन केला. अखेर २९ एप्रिलला शिकागोमध्ये ९-० असा विजय मिळाला. त्यानंतर आणखी दोन पराभव पत्करून संघ घरी परतला. २ मेच्या रात्री एक विजय आणि तेवीस पराभव खात्यावर असलेल्या या संघाला पाहायला ५०,४०२ माणसे मैदानात जमली.

ही गर्दी कशाची होती? प्रचलित उत्तर असे की ती निष्ठेची होती. हे उत्तर खोटे नाही, पण त्यात भीतीचा भाग गळून पडतो. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा फुटबॉल संघ 'कोल्ट्स' एका रात्रीत सामान ट्रकांवर लादून इंडियानापोलिसला निघून गेला होता. उरला होता तो एकच मोठा संघ, आणि तोही धावा करीत नव्हता. 'धावा का होत नाहीत' या त्राग्याच्या आड 'हेही जातील काय' हा प्रश्न दबा धरून होता, असे आमचे मत आहे. त्या रात्री गव्हर्नर शेफर यांनी नव्या मैदानासाठीचा दीर्घ मुदतीचा करार जाहीर केला, तेव्हा झालेला जल्लोष हा या प्रश्नाला मिळालेल्या उत्तराचा होता. कोल्ट्स गेले तेव्हा शेफर हेच शहराचे महापौर होते. त्याच रात्री संघ ९-४ असा जिंकलाही.

अर्थात या भावनेची किंमत कोणीतरी मोजली. १९९२ साली उघडलेले कॅमडन यार्ड्स हे देखणे मैदान सार्वजनिक पैशातून उभे राहिले, आणि त्यात राज्याच्या लॉटरीचा वाटा मोठा होता. प्रेक्षकांची व्याकुळता आणि मालकांचा व्यवहार यांची सांगड अशी बेमालूम बसते.

१९८८ चा मोसम संघाने ५४ विजय आणि १०७ पराभवांनी संपवला. पुढच्याच वर्षी ८७ सामने जिंकून तो आपल्या गटात दुसरा आला. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स संघाने सलग २१ पराभवांची बरोबरी केली आणि मोसमात एकूण १२१ सामने गमावले. त्यांचे मालकही त्या वर्षी नव्या मैदानासाठी सार्वजनिक निधी मागत होते. तिथल्या प्रेक्षकांनी मात्र संघ विकून टाकण्याच्या घोषणा दिल्या. बाल्टिमोरला संघ जाण्याचे भय होते, शिकागोला मालक न जाण्याचे. फळ्यावरचे शून्य दोन्हीकडे सारखेच दिसते. त्याचा अर्थ मात्र ते शून्य पाहणाऱ्या शहराच्या आठवणींतूनच लावावा लागतो.