मोर्तब आणि ठसा

करवीर दरबारचे मोडी कागद ज्यांनीं चाळले असतील त्यांना शिक्का आणि मोर्तब यांतील भेद सांगावयास नको. शिक्का पत्राच्या माथ्यावर. मोर्तब मजकूर संपला तेथें. पुढें कोणीं एखादी ओळ वाढवूं नये, हा त्याचा हेतु. परंतु मधल्या मजकुरांत खाडाखोड झाली तर मोर्तब मुकेंच! म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' छापणाऱ्या राजवाड्यांना अस्सल आणि बनावट निवडण्यास कागद, वळण व भाषा पारखावी लागली.

संगणकाच्या फायलीला ना कागद, ना वळण. तेथें मोर्तबाचें काम 'हॅश' नांवाचा ठसा करतो. फायलींतील सारीं अक्षरें गणिताच्या एका रीतीनें घुसळून ठराविक लांबीचा आंकडा काढतात. एक स्वल्पविराम हलला तरी आंकडा पार पालटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें प्रचलित सॉफ्टवेअरच्या फायलींचे असे ठसे जमवून मोठी सूची केली आहे. जप्त संगणकांतील ओळखीच्या फायली तिच्या आधारें बाजूस सारून तपासनिसाला उरलेल्यांकडे वळतां येतें. मात्र 'ओळखीची' म्हणजे 'निर्दोष' नव्हे. त्या सूचींत घरफोडीचीं हत्यारें शोभावींत असे प्रोग्रामही आहेत.

आतां ठशाचा भरंवसा किती? रिव्हेस्ट यांची एमडी५ ही रीत १९९२ सालीं प्रसिद्ध झाली. २००४ सालीं वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन भिन्न मजकुरांचा एकच ठसा काढून दाखविला. २०१७ सालीं शा-१ चीही तीच गत झाली. अर्थात् दुसऱ्याच्या जुन्या फायलीशीं जुळणारी बनावट करणें याहून फार कठीण. धोका आहे तो एकाच हातानें दोन्ही फायली आधींच घडविल्या तर. तरी १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रांत शा-२५६ च्या शेजारीं हीं दोन्ही नांवें आहेत, हें वकिलांनीं विसरूं नये.

परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. ठसा एवढेंच सांगतो कीं, मोर्तब झाल्यापासून मजकूर हलला नाहीं. तो खरा होता कीं नाहीं, हें सांगत नाहीं. जप्तीच्या क्षणीं ठसा न घेतां तो चार दिवसांनीं घेतला, आणि मध्यंतरीं कोणाचा हात फिरला असला, तर तोच ठसा त्या लबाडीचा इमानी पहारेकरी ठरेल. कोणाचें स्वातंत्र्य एका फायलीवर टांगलेलें असतां न्यायाधिशानें प्रथम विचारावें तें हेंच: मोर्तब केव्हां झालें, आणि कोणासमक्ष?