लिव्हिंगस्टन यांचे मकोलोलो प्रदेशातील पुनरागमन (१८६०)

डेव्हिड लिव्हिंगस्टन १८४१ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले. १८५८ मध्ये ते ब्रिटिश वाणिज्यदूत व झांबेझी मोहिमेचे प्रमुख म्हणून आफ्रिकेत परतले. या बदललेल्या भूमिकेत त्यांनी मकोलोलोंना दिलेल्या भेटीचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१८५६ मध्ये स्वदेशी जाताना लिव्हिंगस्टन यांनी आपल्या मकोलोलो सोबत्यांना तेते येथे ठेवले होते व परत येऊन घरी पोहोचविण्याचे वचन दिले होते. १८६० मध्ये त्यांनी ते पाळले. मात्र तेते येथे संसार थाटलेल्या अनेकांनी परतण्यास नकार दिला. सेशेके येथे राजा सेकेलेतू कुष्ठरोगाने ग्रस्त आढळला. लिव्हिंगस्टन यांच्याच प्रेरणेने लिन्यांती येथे आलेले मिशन त्याच वर्षी उद्ध्वस्त झाले होते. हेल्मोर पती-पत्नी व काही मुले तेथे मृत्युमुखी पडली, प्राइस वाचले. विशेष म्हणजे, लिव्हिंगस्टन यांनी १८५३ मध्ये तेथे ठेवलेली गाडी व औषधे मकोलोलोंनी जपून ठेवली होती. हे मृत्यू त्या औषधांपासून जवळच घडले.

यावरून असे दिसते की, मकोलोलोंचा विश्वास लिव्हिंगस्टन या व्यक्तीवर होता, मिशन या संस्थेवर नव्हे. त्या व्यक्तीच्या अनुपस्थितीत आलेल्यांना तो वारसाहक्काने लाभला नाही. १८६३ मध्ये सेकेलेतूचा मृत्यू झाला आणि पुढच्याच वर्षी लोझींच्या उठावात मकोलोलो सत्ता संपुष्टात आली. त्यामुळे वचनपूर्तीचे श्रेय देतानाच, प्रेरणेच्या परिणामांची जबाबदारीही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे.